संध्याकाळी सातचा षड्ज

आमच्या घरात आता एकच ट्यूबलाइट उरली आहे. बाकी सगळीकडे एलईडी आले. ही जुनी, चोकवाली, लावली की तीनदा डोळे मिचकावून मग जागी होणारी. माळ्यावरून उतरवून ती हॉलच्या कोपऱ्यात पुन्हा बसवायला सांगितली तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, चोक गुणगुणतोय हिचा. नवीन देऊ का?" मी म्हटलं, "गुणगुणू दे." कारण सांगत बसले नाही. सांगायचं तर टर्नटेबलपासून सुरुवात करावी लागली असती आणि टर्नटेबलचं सांगायचं तर कोयनेपर्यंत जावं लागलं असतं.

ट्यूबच्या बरोबर खाली टर्नटेबल आहे. त्याच्या थाळीवर मी मधूनमधून पुठ्ठ्याची एक गोल चकती ठेवते. चकतीच्या कडेला १८० काळ्या रेघा आहेत, कंगव्याच्या दात्यांसारख्या. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, आणि प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा उजळते, दोनदा मंदावते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. डोळ्यांना ते कळत नाही, चकतीला कळतं. थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असली तर दोन उजेडांच्या मधल्या वेळात प्रत्येक रेघ बरोबर पुढच्या रेघेच्या जागी जाऊन बसते. मग गरगर फिरणाऱ्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. लहानपणी मला वाटायचं, बाकीची चकती फिरते आणि रेघा तेवढ्या फिरत नाहीत. मी बोट टेकवून पाहायची, बोटाला पुठ्ठा घासायचा. डोळा म्हणायचा थांबलंय, बोट म्हणायचं चाललंय. दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे ठरेना.

ते टर्नटेबल घरात आलं १९८३ साली, मी नऊ वर्षांची असताना. बाबा वीज मंडळात होते. कामानिमित्त ओळख झालेला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परत निघाला आणि सामान विकून टाकत होता. बाबांनी त्याच्याकडून थॉरेन्स टीडी १६० घेतलं. थॉरेन्स ही मूळची स्वित्झर्लंडमधली, १८८३ साली सुरू झालेली कंपनी. आधी ते चावीच्या संगीतपेट्या बनवत. आमचं यंत्र मात्र जर्मनीतल्या लार गावचं. तीन स्प्रिंगांवर तरंगणारी थाळी, रबरी पट्टा, अक्रोडी रंगाची चौकट. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते एखाद्या परदेशी पाहुण्यासारखं बसलं. आईने त्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. महिनाभरात पाहुणा घरचा झाला.

आई गाणं शिकत होती. शाळेतली नोकरी, स्वयंपाक, आम्ही दोघं भावंडं, यातून तिला रियाजाला वेळ मिळायचा तो दिवेलागणीनंतर, भात गॅसवर ठेवून खाली येईपर्यंत. गायिका किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी ती लावायची. भूपाची बाजू. सुई टेकण्याआधी मिरजेचा तंबोरा मांडीवर घ्यायची, थोडं ऐकायची, मग सुई उचलून तंबोरा तबकडीच्या षड्जात मिळवायची. रविवारी दुपारी मिळवलेला तंबोरा संध्याकाळी लागत नसे. खुंटी पिळून, मणी सरकवून तो उतरवावा लागे. फार नाही, केसभर. आई वैतागून म्हणायची, "ताई आज पुन्हा खाली लागल्यात." मला ते अगदी पटायचं. दिवसभर गाऊन माणूस दमणारच. संध्याकाळी किशोरीताईंचाही आवाज थोडा उतरत असेल.

बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "कोयना अजून चालू केली नसेल."

बरीच वर्षं मला हा एक निरर्थक घरगुती विनोद वाटत होता. दर घरात असे दोन-तीन असतातच.

बाबा तेव्हा कळव्याच्या भारप्रेषण केंद्रात होते. राज्याला कुठल्या घटकेला किती वीज लागते आहे ते पाहायचं, कुठलं केंद्र वाढवायचं, कुठलं कमी करायचं ते फोनवरून सांगायचं, असं ते काम. एकदा ते मला तिथे घेऊन गेले. भिंतभर फलक, दिवे, फोनच फोन. मला आठवतो तो एक छोटा मीटर. त्याला काटा नव्हता. काचेच्या मागे पोलादाच्या बारीक पट्ट्या ओळीने उभ्या, टोकांना पांढरा रंग. प्रत्येक पट्टी वेगळ्या वेगाला थरथरणारी, पेटीतल्या रीडसारखी. विजेची जी फ्रिक्वेन्सी असेल ती पट्टी सर्वांत जास्त हलायची, शेजारच्या दोघी थोड्या, बाकीच्या गप्प. त्या दिवशी पन्नासची पट्टी गप्प होती. एकोणपन्नासच्या आसपासच्या पट्ट्या पंख्यासारख्या फडफडत होत्या. "गिऱ्हाईक जास्त, माल कमी," बाबा म्हणाले.

हे मला नीट समजलं ते फार पुढे, स्वतः भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यावर. ग्रिडवरची सगळी मोठी जनित्रं एकमेकांशी जखडलेली असतात. मधे लोखंडाचा दांडा नसतो, पण असल्यासारखंच. औष्णिक केंद्रातला टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतो, पोफळीच्या डोंगराच्या पोटात, कोयनेच्या वीजघरात, पाण्याच्या माराने फिरणारं पेल्टन चाक त्याहून पुष्कळ सावकाश, पण सगळ्यांचा ठेका एक. संध्याकाळी सातला लाखो घरांत दिवे लागतात, पंखे फिरतात, इस्त्र्या तापतात. ओझं वाढलं आणि ढकलणारा जोर तेवढाच राहिला की सगळी चाकं मिळून थोडी मंदावतात. मग फ्रिक्वेन्सी उतरते. तेव्हा कोयना चालू करायची. औष्णिक केंद्राला तापायला वेळ लागतो. पाण्याचं तसं नाही, दार उघडलं की ते कामाला लागतं.

आणि आमच्या टर्नटेबलची मोटर होती सिंक्रोनस. सोळा ध्रुवांची, पन्नास हर्ट्झला मिनिटाला बरोबर ३७५ फेरे घेणारी. तिला स्वतःचं मत नाही. वीज जो ठेका देईल तो ती धरणार. म्हणजे आईच्या मांडीजवळ फिरणारी ती थाळी आणि पोफळीचं ते चाक एकाच अदृश्य दांड्यावर होतं. ठाण्या-मुंबईतल्या इस्त्र्या तापल्या की भूपाचा षड्ज खाली बसे. फ्रिक्वेन्सी ४९.२ झाली तर स्वर दीड टक्क्याहून थोडा जास्त उतरतो, म्हणजे एका श्रुतीहून किंचित अधिक. बाबांचा विनोद हा विनोद नव्हता, निदान होतं.

मग त्या रेघांचं काय? ट्यूबखाली त्या तर कायम स्थिर दिसायच्या, संध्याकाळीसुद्धा. याचं उत्तर सापडलं तेव्हा मी फळ्यासमोर उभी असूनही हसले होते. ट्यूब त्याच विजेवर, मोटरही त्याच विजेवर. वीज मंदावली की थाळी जेवढी मागे पडे तेवढाच उजेडही मागे पडे. दोघं हातात हात घालून चुकत होती, म्हणून चूक दिसत नव्हती. घरात ती चूक पकडणारं एकच यंत्र होतं, आईच्या मांडीवरचा तंबोरा. त्याला वायर नव्हती.

एकदा हे कळलं की घरभर ऐकू यायला लागतं. फ्रीज, चोक, गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर हे सगळे विजेच्या दुप्पट कंपनांनी, म्हणजे शंभर हर्ट्झनी गुणगुणतात. पेटीवर शोधायला गेलात तर हा स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ येतो, पण तंतोतंत नाही, थोडा चढा. पांढरी पाच नेमकी मिळते ती अठ्ठ्याण्णव हर्ट्झला, म्हणजे फ्रिक्वेन्सी एकोणपन्नासला उतरली की. ज्या संध्याकाळी ग्रिड धापा टाकत असे त्याच संध्याकाळी आमचा फ्रीज सुरात असे. माझा भाऊ न्यू जर्सीला राहतो, तिथे साठ हर्ट्झची वीज. त्याच्या घरातला फ्रीज काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी अडकलेला आहे. आमचं टर्नटेबल तिथे तसंच नेऊन लावलं असतं तर मिनिटाला चाळीस फेरे घेतले असते आणि किशोरीताई तीन अर्धस्वरांहून वर चढल्या असत्या. भावाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच इथे सगळे घाईत असतात."

आमच्या आजीकडे चावीचा ग्रामोफोन होता. त्याला वीजच नव्हती, तरी वेग सांभाळायची सोय होती. पेटीच्या पोटात एका दांड्याभोवती पातळ पट्ट्यांवर तीन छोटे गोळे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जायचे, एक तबकडी सरकून चामड्याच्या तुकड्यावर घासायची आणि वेग आवरायचा. चावी संपत आली की मात्र गोळ्यांचं काही चालत नसे. गाणारीचा आवाज बसत बसत बाप्याचा व्हायचा आणि आम्ही खिदळायचो. आजी चावी देताना पुटपुटायची, "थांबा बाई, देते." हे ती कोणाला म्हणायची ते तिलाच ठाऊक. तिच्याकडे केसरबाईंची एक तबकडी होती, एका बाजूला तडा गेलेली, दर फेऱ्याला टक् वाजणारी. ते टक् मला त्या रागाचाच भाग वाटायचं.

त्या तबकड्यांना आपण अठ्ठ्याहत्तरच्या म्हणतो. पण पन्नास हर्ट्झच्या उजेडात वेग तपासायच्या चकतीवर अठ्ठ्याहत्तरसाठी ७७ रेघा काढतात, आणि हिशेब मांडला तर त्या ७७.९२ फेऱ्यांना स्थिर होतात. साठ हर्ट्झवाल्यांच्या ९२ रेघा ७८.२६ ला. खरी अठ्ठ्याहत्तर कोणाचीच नाही. त्याआधीच्या काळात तर वेगाचा ताळमेळ त्याहूनही सैल होता. मग त्या तबकडीवरची गायिका खरोखर कुठल्या पट्टीत गात होती हे कोणी आणि कशावरून सांगायचं?

आपल्या संगीताने या प्रश्नाला फार पूर्वीच बगल दिली आहे. षड्ज अचल म्हणतात खरं, पण तो कुठे अचल असावा हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ज्याच्या गळ्याला जिथे बरं वाटेल तिथे त्याचा सा. एकदा ठरला की मग मात्र हलायचा नाही, बाकीचे सगळे त्याला धरून. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही सारख्या मिळवायच्या, एक तशीच ठेवायची आणि दुसरीचा पंचम अगदी किंचित उतरवायचा. त्या किंचिताला प्रमाणश्रुती म्हटलं आहे. पुढच्यांनी तिचं माप ८१ ला ८० असं काढलं, म्हणजे सव्वा टक्का. विजेच्या भाषेत सांगायचं तर पन्नासातून सहा दशांश हर्ट्झ वजा. हे वाचताना मला वाटलं, आईने वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी वेगळं काय केलं? फक्त तिच्याकडे दुसऱ्या वीणेच्या जागी महाराष्ट्राची ग्रिड होती.

केसरबाईंचा विषय निघाला म्हणून सांगते. त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली गेली. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे. सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलेलं आहे, मोटर नाही. दिली असती तरी तिकडे पन्नास हर्ट्झ की साठ, कोण जाणे! म्हणून आवरणावर चित्रं काढून सांगितलंय की एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागू द्या. आणि सेकंद म्हणजे काय हे तिकडे ऐकणाऱ्यांना कसं कळणार, म्हणून मोजायला हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाचा काळ घेतलाय, सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा साधारण सात दशांश. हायड्रोजन सगळीकडे सारखाच असतो. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या बाईंच्या गळ्याला एवढा पक्का तंबोरा दुसऱ्या कोणी जुळवून दिला नसेल.

आमच्या तबकड्या ठाण्यातच राहिल्या आणि मोटर म्हातारी झाली. आधी सुरू व्हायला वेळ लागू लागला. मग घरघर आली. आत वेटोळ्यांच्या दोन जोड्या असतात. एकीला वीज दुसरीपेक्षा पाव आवर्तन, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग उशिरा मिळायला हवी, तर ती गोलाईने ओढते. तो उशीर करून देणारा कपॅसिटर वयाने ढिला पडला होता. बुश झिजलं होतं, तेल वाळलं होतं. त्यात आमच्या भागात रात्री व्होल्टेज अडीचशेच्या घरात जाई. मोटर ओढण्याऐवजी धक्के मारायला लागली होती आणि ते धक्के पट्ट्यातून थाळीत, थाळीतून सुईत. विलंबित ख्यालाच्या पहिल्याच आलापात, दोन स्वरांमधल्या जागेत, लांब कुठेतरी ट्रक उभा असल्यासारखी घरघर. आलापातली ती जागा रिकामी नसते, तिथेच तर गाणं असतं.

नवी मोटर जर्मनीहून मागवली. तीही सोळा ध्रुवांची, पण बेअरिंग जास्त नेटकं. तिला वीज देणारी पेटी मी स्वतःच बांधायची ठरवलं. लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार फिरले. काउंटरवरच्या पोराने सुरुवातीला "कोणासाठी पाहिजे मॅडम?" असं विचारलं, तिसऱ्या वेळी मुकाट्याने ट्रे पुढे केला.

पेटीच्या मुळाशी क्वार्ट्झचा एक स्फटिक आहे, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या पत्र्याच्या डबीत. तो सेकंदाला ३२ लाख ७६ हजार ८०० वेळा कंप पावतो. आकडा अंगावर येतो, पण त्याला निम्मं करा, पुन्हा निम्मं करा, असं सोळा वेळा केलं की उरतात बरोबर पन्नास. मोटरला सोळा ध्रुव, स्फटिकाला सोळा पायऱ्या. तीनतालात वाढलेल्या बाईला याहून चांगला शकुन काय हवा! हे पन्नास कंगोरेदार निघतात. ते गाळून, गोल करून त्यांच्या दोन लाटा करायच्या, एकीला पाव आवर्तन मागे ठेवायचं. मग प्रत्येकीला एक छोटा अँप्लिफायर, आणि शेवटी उलटे जोडलेले दोन साधे ट्रान्सफॉर्मर, कमीचं जास्त करणारे. थोडक्यात, ही पेटी म्हणजे एक गाणारं यंत्रच आहे. ते एकच स्वर गातं, आणि ऐकणारी एकटी मोटर. सुरुवातीला थाळी हलवायला जोर लागतो तेव्हा पूर्ण व्होल्टेज. एकदा थाळी लयीत आली की व्होल्टेज उतरवायचं, म्हणजे मोटर थरथरत नाही. पोराला सायकल शिकवताना आपण सीट धरून पळतो आणि हळूच हात सैल करतो, तसं.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मी सोल्डर करत असताना शेजारी खुर्ची टाकून बसायचे. धूर डोळ्यात गेला की चष्मा पुसायचे. त्यांना हा उद्योग फारसा पसंत नसावा. "म्हणजे तू थाळीला ग्रिडपासून तोडणार," ते म्हणाले.

"तोडणार कशी? पेटीला वीज ग्रिडचीच आहे. फक्त ठेका आपला."

"तेच ते. आयलंडिंग." ग्रिड कोसळायला लागली की एखादं शहर तिच्यापासून सोडवून, स्वतःपुरतं बेट करून वाचवतात, त्याला त्यांच्या भाषेत आयलंडिंग म्हणतात. मग म्हणाले, "आता गरज नाही गं त्याची. २००२ पासून आपल्याकडे फ्रिक्वेन्सीलाच भाव लागला. कमी असताना जास्त ओढाल तर जास्त मोजा. झक्कत सुधारले सगळे. आणि २०१३ च्या शेवटच्या दिवशी सोलापूर-रायचूरची लाइन जोडली, दक्षिण आली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आता एकच ठेका आहे. ४९.९० ते ५०.०५, त्याच्या बाहेर शक्यतो जाऊ देत नाहीत." हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू पाहुण्यांना नातवाचे मार्क सांगताहेत.

मला वाद घालायचा नव्हता. घरघर गेली पाहिजे एवढंच माझं म्हणणं होतं.

ती गेली. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मला वाटलं काहीतरी जोडायचं राहिलं. थाळी फिरत होती आणि आवाज नव्हता. कान लावला, बोटाची टोकं चौकटीवर टेकवली. बोटालाही काही कळेना. वेग नीट आहे का पाहायला चकती ठेवली. रेघांची नुसती राखाडी कड दिसू लागली. मग लक्षात आलं, हॉलमध्ये आता एलईडी आहेत, ते लुकलुकत नाहीत. तेव्हा ती माळ्यावरची ट्यूब उतरवली.

ट्यूब डोळे मिचकावून लागली आणि रेघा उभ्या राहिल्या. जवळजवळ. नीट पाहिलं तर त्या सरकत होत्या. अगदी सावकाश, मिनिटकाट्यासारख्या, पुढच्या दिशेला. माझा चेहरा पडला. एवढा खटाटोप करून जुन्या मोटरने कधी न केलेली चूक नव्या मोटरने केली होती.

बाबा खुर्चीतून उठले. वाकून पाहत राहिले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटायला लागले. दहा सेकंदांत एक रेघ. पुन्हा दहा, पुन्हा एक. कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, "एकोणपन्नास पंच्याण्णव."

थाळी आता स्फटिकाच्या ठेक्यावर होती, ट्यूब अजून ग्रिडच्या. इतकी वर्षं हातात हात घालून चुकणाऱ्या त्या दोघींचे हात सुटले होते आणि पहिल्यांदाच एकीचं चालणं दुसरीला दिसत होतं. रेघा पुढे सरकल्या की ग्रिड पन्नासच्या खाली. मागे सरकल्या की वर. दहा सेकंदांना एक रेघ म्हणजे सेकंदाला रेघेचा दहावा भाग, म्हणजे फ्रिक्वेन्सीत पाच शतांशाचा फरक. मी कागदावर मांडून पाहीपर्यंत बाबांनी तोंडी सांगितलं होतं. त्या दिवशी रेकॉर्ड कोणीच लावली नाही. रिकामी थाळी फिरत राहिली आणि बाबा तिच्यासमोर बसून राहिले. साडेसातला रेघा थबकल्या, क्षणभर घुटमळल्या आणि मागे फिरल्या. "सावरलं," ते म्हणाले. कोणी सावरलं, कुठल्या केंद्रावर फोन गेला, की आता फोनसुद्धा लागत नाहीत, ते त्यांनाही माहीत नसणार. निवृत्त होऊन दोन दशकं उलटली, पण मीटर पुन्हा समोर आला होता.

आता बाबा रोज संध्याकाळी चकती लावतात.

सगळंच सुधारलं असं नाही. तबकडीचं भोक मुळातच थोडं बाजूला पडलेलं असेल तर कुठलाही स्फटिक काही करू शकत नाही. भोक मिलिमीटरभर सरकलेलं असलं की मधल्या भागात स्वर दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांना, टक्काभर वर आणि टक्काभर खाली झोके घेतो. आमच्या भूप-बागेश्रीची एक बाजू अशीच आहे, लांबलेल्या स्वरावर कळतं. षड्ज आख्खा एका श्रुतीने खाली असला तर कान दोन मिनिटांत त्याला सा मानतो आणि पुढे जातो. पण तो एवढासा हलता असला तर कान त्याला कधीच सोडत नाही. पूर्वी मला वाटायचं हा कानाचा सैलपणा आणि कडकपणा, दोन वेगवेगळ्या गोष्टी. आता वाटतं एकच आहे. कुठे उभे आहात हे कान विचारत नाही, उभे आहात ना, एवढं विचारतो.

आई सत्त्याहत्तरची आहे. तंबोरा अजून मिळवते, गाते कमी. आवाज उतरला आहे. भूप लावला की पूर्वी बरोबरीने जाणारी आता नुसती ओठ हलवते, तार षड्जाच्या आधी थांबते. नवी पेटी आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "याला खुंटी आहे का?"

खुंटी नव्हती. मी बसवली. सोळा वेळा निम्मं करणाऱ्या साखळीला बाजूला सारून दुसरं छोटं सर्किट जोडलं आणि पेटीच्या पुढच्या बाजूला एक बटण दिलं, पन्नासच्या अलीकडे-पलीकडे करता येईल असं. स्फटिकाचा धर्म मोडला म्हणा. पण फरक एवढाच, की आता जिथे ठेवू तिथे राहतं. आईने तंबोरा मांडीवर घेतला, स्वतःच्या गळ्याला जमेल तिथे मिळवला आणि मग डोळे मिटून बटण फिरवत राहिली. इतकी वर्षं ती तबकडीसाठी तंबोरा उतरवत आली होती. आता तबकडी तंबोऱ्यासाठी उतरत होती. एका जागी तिचा हात थांबला. "हं. आता ताई आपल्या लागल्या."

बाबांनी मान पुढे करून आकडा वाचला. ४९.४. "संध्याकाळचे सात," ते म्हणाले. त्यावर माझा विश्वास नाही. त्यांना कुठलाही आकडा संध्याकाळी सातचाच वाटला असता.

दुसऱ्या दिवशी मी बटणाशेजारी पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली, म्हणजे रोज शोधायला नको. आईने ती पाहिली आणि पदराने पुसून टाकली. म्हणाली, "तंबोरा काय खूण बघून लावतात?"